पिकअपला स्वे बार बसवला की गाडी उलटायची थांबते का?

घाटात भरलेली पिकअप चालवणाऱ्या कुणालाही विचारा, भीती कधी वाटते. उतारावर ब्रेक तापतात तेव्हा, आणि वळणावर गाडी एका अंगाला झुकते तेव्हा. फाळका करकरतो, दोरखंड ताणला जातो आणि गाडी परत सरळ होईपर्यंतचे ते दोन सेकंद फार लांब वाटतात.

ही झुक कमी करणारा एक भाग बाजारात सुटा मिळतो. त्याला कुणी स्वे बार म्हणतं, कुणी अँटी-रोल बार, तर गॅरेजमध्ये बहुतेकदा 'स्टॅबिलायझर' एवढंच म्हणतात. परदेशातल्या पिकअपवाल्यांचे 'बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर' असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येऊन गेले असतील. आधीच्या व्हिडिओत गाडी वळणावर होडीसारखी डुलते, नंतरच्या व्हिडिओत रुळावरून धावल्यासारखी जाते. खाली मराठीत प्रश्न असतो, "आपल्या बोलेरो पिकअपला बसेल का?"

बसेल. पण खरा प्रश्न पुढचा आहे. बसवल्यावर गाडी उलटायची थांबेल का?

हा फक्त गाडीप्रेमींचा प्रश्न नाही. २९ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे मध्य प्रदेशातल्या डिंडोरी जिल्ह्यात कार्यक्रमाहून परतणाऱ्या गावकऱ्यांची पिकअप उलटली, १४ जण गेले. त्याच वर्षी २० मे रोजी छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता गोळा करून घरी निघालेल्या बैगा आदिवासींची पिकअप दरीत कोसळली. त्यात १९ मृत्यू झाले, जवळपास सगळ्या बायका. ११ ऑगस्ट २०२५ ला, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप दरीत गेली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, नंदुरबारच्या चांदशैली घाटात अस्तंबा यात्रेहून परतणारे तरुण असेच गेले.

चारही ठिकाणी गाडी मालवाहू होती आणि हौद्यात माणसं होती.

आधी बार म्हणजे काय ते बघू

गाडीखाली वाकून पाहिलंत तर इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवलेली एक जाड पोलादी सळई दिसते. मधला भाग रबरी बुशांमध्ये चासीला धरलेला असतो आणि दोन टोकं लहान लिंकांनी डाव्या-उजव्या चाकाच्या बाजूला जोडलेली असतात. काही पिकअपमध्ये मागे याच्या उलट रचना असते, म्हणजे मधला भाग एक्सलवर आणि टोकं चासीला.

दोन्ही चाकं एकदमच वर-खाली झाली, समजा सरळ रस्त्यावरच्या गतिरोधकावर, तर बार नुसता फिरतो. काही काम करत नाही. पण वळणावर बाहेरच्या बाजूचं सस्पेन्शन दबतं आणि आतल्या बाजूचं सैल होतं, तेव्हा बारची दोन टोकं विरुद्ध दिशांना ओढली जातात आणि त्याला पीळ बसतो. ओला टॉवेल पिळताना तो हाताला जसा विरोध करतो, तसा हा बार त्या पिळाला विरोध करतो. परिणामी गाडी कमी झुकते.

बारची ताकद त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरते. २५ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटरचा बार टाकला, तर जाडी वाढते १२ टक्के, पण ताठपणा वाढतो साधारण ५७ टक्के. म्हणून 'थोडासाच जाड' असं काही या धंद्यात नसतं. तीन मिलिमीटरमध्ये गाडीचा स्वभाव बदलतो.

दुसरी गोष्ट, स्वे बार वजन पेलत नाही. वजन पेलतात ते पाटे. आपल्याकडे पिकअप जड भरायची म्हणून पाटे वाढवून घेतात, ते काम वेगळं आणि हे वेगळं. बार बसवला म्हणून दीड टनाची गाडी दोन टनांची होत नाही.

बहुतेक पिकअपना पुढे कंपनीचाच बार असतो, मागे नसतो. मागे कमानीचे पाटे असल्यामुळे त्यांचाच थोडा ताठपणा मिळतो आणि शिवाय पिकअपचा मागचा भाग कधी रिकामा, कधी गच्च. दोन्हीला जमेल असा बार ठरवणं कंपनीलाही अवघड जातं. बाजारात मिळणारे सुटे बार प्रामुख्याने मागच्या बाजूचे असतात ते याच कारणाने.

अमेरिकेत हा बार लोकप्रिय का झाला?

हा बाजार मुळात तिथला. अमेरिकेत फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून सगळ्यात जास्त खपणारा पिकअप ट्रक आहे. तिथे पिकअप ही भाजी मंडईची गाडी नाही, घरची गाडी आहे. तिच्या हौद्यात लोक आख्खी राहायची खोली, म्हणजे कॅम्पर, बसवतात आणि महिनाभर फिरायला जातात. हा भार उंच असतो, जड असतो आणि मुख्य म्हणजे तो कायम तेवढाच आणि तिथेच असतो. हलत नाही, चढत-उतरत नाही. अशा गाडीला मागे तगडा बार टाकला तर हायवेवर लेन बदलताना, बाजूने मोठा ट्रेलर गेल्यावर बसणाऱ्या हवेच्या धक्क्यात, डुलणं स्पष्टपणे कमी होतं. कॅलिफोर्नियातल्या हेलविगसारख्या कंपन्या पिढ्यान्‌पिढ्या यावर उभ्या आहेत.

म्हणजे तिथले व्हिडिओ खोटे नाहीत. फक्त ती गाडी वेगळी, रस्ता वेगळा आणि हौद्यातली गोष्टही वेगळी.

तिथल्याच बाजारातली दुसरी बाजूही ऐका. रॅमच्या पॉवर वॅगन या पिकअपमध्ये पुढचा स्वे बार एक बटण दाबून सोडवता येतो. कंपनी मुद्दाम बार बसवते आणि तो निकामी करायचं बटणही देते, कारण खडबडीत रस्त्यावर बार आड येतो. तो डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधतो. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही धक्का बसतो आणि चाक जमिनीपासून सुटण्याची शक्यता वाढते. आपल्याकडचे घाटरस्ते पावसाळ्यानंतर कोणत्या गटात मोडतात, ते तुम्हीच ठरवा.

उलटण्याचं गणित

आता मुख्य मुद्दा. गाडी झुकणं आणि गाडी उलटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झुकते ती दिसते, जाणवते, म्हणून आपल्याला तीच उलटण्याची पायरी वाटते.

उलटायचं की नाही हे मुख्यतः दोन मापांवर ठरतं. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर किती आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच. चाकांमधलं अंतर भागिले उंचीची दुप्पट, असा एक गुणांक निघतो. अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था गाड्यांना उलटण्याबाबत तारांकन देताना हाच गुणांक वापरते. जितका मोठा, तितकी गाडी पक्की.

एक हिशेब करून बघू. आकडे मी धरलेले आहेत, कोणत्या एका मॉडेलचे नाहीत, पण आपल्या रस्त्यावरच्या पिकअपच्या आसपासचे आहेत. समजा रिकामी गाडी १७०० किलो, चाकांमधलं अंतर १.४५ मीटर, गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर. गुणांक आला १.०४. घाटातलं २० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर कागदावर ही गाडी ताशी ५१ किलोमीटरला उलटण्याच्या काठावर येते. प्रत्यक्षात त्याआधी टायर घसरतील किंवा चालक पाय काढेल. ते असो.

आता हौद्यात २५ माणसं उभी करा, सरासरी ५५ किलोची. हौद्याची फळीच जमिनीपासून ८०-८५ सेंटिमीटर वर असते, त्यामुळे उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जवळपास १.८ मीटरवर जातो. सगळं मिळून गाडीचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवरून थेट १.१९ मीटरवर. गुणांक ०.६१. तेच वळण, आता काठ आला ताशी ३९ किलोमीटरला.

हीच २५ माणसं खाली बसवली तर? गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि काठ सरकतो ताशी ४५ वर.

मग स्वे बारचा वाटा किती? वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन सरकणार, हे गाडीचं वजन, वेग, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. या सूत्रात बारला जागाच नाही. बार एवढंच ठरवतो की त्या सरकलेल्या वजनातला किती वाटा पुढच्या एक्सलने घ्यायचा आणि किती मागच्या. एक छोटा फायदा मात्र खरा आहे. गाडी कमी झुकली की वरचा भार बाहेर कमी कलंडतो. उभ्या माणसांची ती गाडी सहा अंश झुकत होती आणि बारमुळे चार अंश झुकायला लागली असं धरलं, तर गुरुत्वमध्य बाहेर सरकण्यात दोनेक सेंटिमीटरची बचत होते. वेगाच्या भाषेत सांगायचं तर काठ पुढे सरकतो ताशी अर्धा-पाऊण किलोमीटरने.

माणसं खाली बसवल्याने सहा किलोमीटर मिळतात. बार बसवल्याने एकही नाही.

उभी माणसं म्हणजे सिमेंटच्या गोण्याही नाहीत. गाडी झुकली की सगळी एकाच बाजूला रेलतात, नेमकी बाहेरच्या बाजूला. हे वरच्या हिशेबात धरलेलंच नाही. गवताची, कडब्याची, कापसाची उंच रचलेली गाडीही थोडीफार अशीच वागते. दोर सैल असला तर जास्तच.

शिवाय खेडमधल्या अपघाताच्या बातम्या आठवा. चढावर गाडी मागे आली आणि दरीत गेली, असं त्यात होतं. चढावर मागे येणाऱ्या गाडीला जगातला कोणताही स्वे बार थांबवत नाही. तिथे इंजिनाची ताकद, क्लच, ब्रेक आणि हौद्यातलं वजन एवढंच बोलतं.

मग बसवून तोटा काय?

"फायदा थोडा असला तरी फायदाच ना?" असं म्हणता येईल. मला इथेच जास्त धोका वाटतो.

झुकणारी गाडी चालकाशी बोलत असते. सीट कलते, अंग दाराला लागतं, मागे माल सरकल्याचा आवाज येतो आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघतो. जाड बार ही सूचना उशिरा देतो. काठ सरकलेला असतो अर्ध्या किलोमीटरने, पण गाडी इतकी टणक वाटते की चालक त्याच वळणाला पाच-सात किलोमीटर जास्त वेगाने शिरतो. इशारा देणारी घंटा बंद केली म्हणून आग लागायची थांबत नाही.

दुसरा तोटा रिकाम्या गाडीचा. मागे जाड बार टाकला की वळणावर सरकलेल्या वजनाचा मोठा वाटा मागच्या एक्सलवर जातो. माल असताना ठीक, पण माल उतरवून रिकामी परत येताना मागचं आतलं चाक जवळजवळ हलकं होतं. जून महिन्यातला पहिला पाऊस, रस्त्यावर तेल-मातीचा थर आणि अशी गाडी म्हटल्यावर मागचा भाग बाहेर फेकला जायला फार काही लागत नाही. पुढचा बार जाड केला तर उलट होतं, गाडी वळायलाच कुरकुरते आणि सरळ जाऊ बघते. पुढच्या-मागच्याचा हा तोल कंपनीने चाचण्या घेऊन जुळवलेला असतो. त्यात मागून एक तुकडा बदलणं म्हणजे चार माणसांच्या खाटेचा एकच पाय बदलण्यासारखं आहे.

आणि चाचण्या घेऊनही कंपन्यांचं चुकतं. स्वीडनमधल्या 'टेक्निकेन्स वर्ल्ड' या मासिकाची 'मूस टेस्ट' प्रसिद्ध आहे. रस्त्यात अचानक प्राणी आला तर गाडी कशी वळते, ते त्यात बघतात. टोयोटा हायलक्स या पिकअपने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये त्या चाचणीत दोन चाकं हवेत उचलली. नवी कोरी गाडी, जगातली सगळ्यात अनुभवी कंपनी, पुढे कंपनीचाच बार. टोयोटाला त्यानंतर गाडीत बदल करावे लागले. चाचणीचा ट्रॅक असलेल्यांची ही गत, तर मोजमापाशिवाय बसवलेल्या बारबद्दल कुणी छातीठोक सांगत असेल तर जरा सावध राहिलेलं बरं.

बसवायचाच असेल तर कुणाच्या गाडीला त्याचा खरा उपयोग आहे? ज्याच्या हौद्यात कायम ठरलेला, घट्ट बांधलेला आणि उंच भार असतो त्याच्या. पाण्याची टाकी किंवा जनरेटर बसवलेली गाडी, फूड ट्रक, बंद बॉडीची कुरिअर गाडी. रस्ता बऱ्यापैकी असावा आणि बार त्याच मॉडेलसाठी बनवलेला असावा. चासीला वेल्डिंग करून किंवा मिळेल तिथे भोक पाडून 'जमवलेला' बार घेऊ नका. चासीला तिथूनच तडा जातो आणि लिंक तुटून लोंबकळली तर जवळच ब्रेकचा पाइप असतो. बुश झिजले की ठकठक सुरू होते, तेव्हा ते बदलावे लागतात. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर त्यांना ग्रीस द्यावं लागतं, नाहीतर ते किरकिरतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर असलेला तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात याचा अर्थ कडक लावला. कंपनीने ज्या रूपात गाडी मंजूर करून घेतली, त्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरण यांच्या पीठाने म्हटलं. तेव्हा 'आता मॉडिफिकेशन बंद' अशा पोस्ट खूप फिरल्या होत्या.

आरसीवर सस्पेन्शनचा रकाना नसतो. इंजिन, चासी क्रमांक, रंग, इंधन, आसनक्षमता, रिकामं वजन, एकूण वजन, एक्सलवरचा भार असं सगळं असतं, पण 'स्टॅबिलायझर आहे की नाही' असं कुणी लिहीत नाही. त्यामुळे काही किलोचा बार बसवला तर कलम ५२ मोडलं का, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला दिलेला बार अधिकृत ठिकाणी बसवला, तर तुमची बाजू भक्कम. चासी कापून बसवला तर अवघड.

बदल बेकायदा ठरला तर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं, तिथे गाडी वरपासून खालपर्यंत बघितली जाते. तेव्हा बसवण्याआधी आरटीओत विचारणं आणि विमा कंपनीला लेखी कळवणं एवढं करून ठेवा. न सांगितलेला बदल हे स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण असतं.

२०१९ च्या दुरुस्तीने याच कलमात आणखी एक वाक्य घातलं. कोणते बदल, कोणत्या अटींवर करता येतील हे केंद्र सरकार नियमांनी ठरवू शकतं आणि तसा मान्य बदल केल्यास कंपनीची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही. म्हणजे दार उघडं ठेवलंय. सीएनजी किटसाठी किंवा गाडी इलेक्ट्रिक करण्यासाठी मान्यतेची चौकट आहेही. सस्पेन्शनच्या सुट्या भागांसाठी सामान्य मालकाला तितकी सरळ वाट नाही.

ऑस्ट्रेलियात हा गोंधळ बराच कमी आहे. कोणता बदल कसा करायचा आणि कोणत्या बदलाला अभियंत्याचं प्रमाणपत्र लागेल, याची तिथे राष्ट्रीय संहिताच आहे. जास्त वजन वाहायचं असेल तर मान्यताप्राप्त सस्पेन्शन किट बसवून, तपासणी करून, गाडीच्या एकूण वजनाचा कायदेशीर आकडाच वाढवून घेता येतो. आपल्याकडे पाटे वाढवले जातात, आकडा तोच राहतो. नोंदणीत गाडी दीड टनाची, रस्त्यावर अडीच टनाची.

जो बदल कुणी 'मॉडिफिकेशन' म्हणतच नाही

कायद्याचं लक्ष बंपर, सायलेन्सर आणि काळ्या काचांवर फार चटकन जातं. पण मालवाहू गाडीत २५-३० माणसं भरणं हा गाडीत केलेला सगळ्यात मोठा बदल आहे. त्याने गुरुत्वमध्य अर्धा मीटर वर जातो. कोणताही स्पॅनर न लावता.

त्याला दंड किती? जास्त वजनाला कलम १९४ खाली २० हजार रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २ हजार. जास्त प्रवासी बसवल्याबद्दल कलम १९४-अ मध्ये माणशी २०० रुपये. म्हणजे कायद्याने जादा टन मालाला जो दर लावलाय, त्यात दहा जादा माणसं बसतात.

विम्याची गोष्ट याहून वाईट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी गाडीत असेल तर त्याला संरक्षण आहे. हे संरक्षण १९९४ च्या दुरुस्तीने आलं. पण जत्रेला, लग्नाला, मजुरीला निघालेली माणसं त्यात येत नाहीत. न्यू इंडिया अशुरन्स विरुद्ध आशा राणी या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हे स्पष्ट केलं. २००४ मध्ये बलजित कौर प्रकरणातही न्यायालयाने कायदा तोच राहील असं म्हटलं, पण त्या कुटुंबाला विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. पुढे अनेक खटल्यांत 'आधी द्या, मग वसूल करा' हा मार्ग वापरला गेला. पण तो हक्क म्हणून मिळेलच असं नाही. त्यासाठी न्यायाधिकरणात, मग उच्च न्यायालयात, वर्षानुवर्षं जावं लागतं. नाहीतर भरपाईची जबाबदारी उरते एकट्या मालकावर आणि त्याच्याकडे बहुतेकदा हप्त्यावर घेतलेली तीच एक गाडी असते, जी आता दरीत आहे.

मोठ्या अपघातानंतर सरकार मदत जाहीर करतं. ती मदत असते, नुकसानभरपाई नव्हे. दोन माणसं गेलेल्या, कॅमेऱ्यासमोर न आलेल्या अपघाताला तीही मिळेल याची खात्री नसते.

लोक पिकअपमध्ये का बसतात, हे शहरात बसून विचारणं सोपं आहे. सकाळी सहाला मजुरीला पोहोचायचं असतं आणि एसटी नऊला येते. देवस्थानापर्यंत बस जात नाही. ३० जणींनी मिळून गाडी ठरवली की माणशी पन्नास-शंभरात काम होतं, दोन जीपगाड्या केल्या तर तिप्पट. आमच्याकडे वऱ्हाडही असंच जायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. सणाच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या गावातून, ठरलेल्या डोंगरावर शेकडो माणसं जाणार हे तहसीलपासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळ्यांना महिनाभर आधी माहीत असतं. आषाढीला पंढरपूरसाठी एसटी जादा गाड्या सोडते. तालुक्याच्या जत्रांना मिनीबसची तशी सोय करायला स्वे बारपेक्षा फार वेगळं तंत्रज्ञान लागत नाही.

गाडीमालकांसाठी एक शेवटची तपासणी, जिला गॅरेजचा खर्च नाही. आरसीवर 'एकूण वजन' आणि 'रिकामं वजन' असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा करा. जे उरेल त्यात माल, चालक, क्लीनर, ताडपत्री, दोरखंड आणि बसवलाच तर तो स्वे बारही मोजायचा. मग एकदा गच्च भरलेली गाडी वजनकाट्यावर घालून बघा. वळणावर गाडी का झुकते, याचं उत्तर बहुतेकांना त्या पावतीवरच मिळेल.